गोरड मॅडमचं एक खोटं वाक्य

इतिहासाच्या प्राध्यापकाला आमच्या सातारा-सांगली भागात सुखानं नांदायचं असेल तर रस्ता सरळ आहे. चार गड, दोन तह, तलवारी आणि आवाज. आवाज दमदार असला की बाकीचं कमी पडलं तरी चालून जातं. जयंती आली की दारात गाडी येते, फेटा बांधतात, शाल-नारळ मिळतो आणि जेवणही बरं असतं. विजयमाला गोरड यांच्याकडे आवाज होता, पाठांतर होतं आणि समोरच्याला गप्प बसवायची ताकद होती. एवढं भांडवल असताना या बाईनं आयुष्यभर विचारलं काय, तर भाकऱ्या कोण भाजत होतं.

मी भूगोल शिकवायचो. मलकापूरच्या आमच्या कॉलेजात स्टाफरूमच्या खिडकीखाली आमची टेबलं एकमेकांना लागून होती. मॅडमना गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे त्यांच्या बऱ्याचशा संशोधनाला माझं पेट्रोल लागलं. तेव्हा मी जे सांगतोय ते ऐकीव नाही. शिवाय मला त्यांचा राग येतो. अजूनही येतो, आणि तो लपवून लिहायला मला जमणार नाही.

एकदा कृष्णाकाठच्या एका गावात त्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं. मंडप भरलेला, पोरं घोषणा देऊन दमलेली. मॅडमनी सुरुवात केली ती गडावर चुना मळणाऱ्या बायकांपासून. पाणी वर कोण नेत होतं, बाळंत झालेली बाई किती दिवसांनी पाटी उचलत होती, तिला काय मिळत होतं. पहिल्या रांगेतले अध्यक्ष चुळबुळ करायला लागले. चिठ्ठी आली, मूळ विषयावर यावे. मॅडमनी ती मोठ्यानं वाचली आणि म्हणाल्या, "मूळ विषय हाच आहे." माइक बंद केला गेला. त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण तो आवाज मेंढरांमागं तयार झालेला होता. नारळ मिळाला, शाल मिळाली नाही. परत येताना मी म्हणालो, "मॅडम, एखादी तलवार घातली असती तर काय बिघडलं असतं?"

"तलवारीला धार लावणाऱ्याची बायको काय करत होती ते सापडू दे, जगदाळे सर. मग घालते."

त्या माण तालुक्यातल्या. दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीतल्या. वडील धुळा गोरड मेंढपाळ. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून हे कुटुंब आमच्या बाजूला उतरायचं, कोणाच्या तरी रिकाम्या रानात मेंढरं बसवायचं, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी घ्यायचं आणि पावसाच्या तोंडाला माघारी जायचं. आमच्या रानातही असे धनगर यायचे. ते मॅडमचेच वडील होते की काय, यावरून मी त्यांना पुष्कळ चिडवलं. आई भामाबाई तळ उठवायची, चूल मांडायची, कोकरं सांभाळायची, लोकर कातायची आणि पोटात पोर असताना घाट चढायची. एकदा जनगणनेचा माणूस आला आणि त्यानं धुळाला विचारलं, बायको काय काम करते. धुळा म्हणाला, "काय न्हाई, घरातच असती." त्या माणसानं तसं लिहून घेतलं. "घर कुठं होतं तिला?" असं मॅडम दरवर्षी पहिल्या तासाला वर्गाला विचारायच्या. पोरं हसायची. ही मॅडमचीच आई, हे आडनावावरून ज्यांना कळायचं ती हसायची नाहीत.

पीएच.डी. त्यांनी मेंढपाळ बायकांच्या कामावरच केली. मग सांगलीच्या हळदीच्या गोदामांतल्या बायकांवर पुस्तक लिहिलं. मग फौजी गावांतल्या बायकांकडे वळल्या, ज्यांचे नवरे सीमेवर आणि ऊस मात्र त्यांच्या जिवावर. त्या यादीत माझी आईही आली. मला ते आवडलं नव्हतं. माझे वडील सुभेदार होते, आमच्या घरातलं बाहेर कशाला? पण आई मॅडमबरोबर सबंध दिवस बोलत बसली. मधून मधून त्यांच्या हसण्याचा आवाज यायचा, आणि एकदा आई रडल्याचाही आला. मी पन्नाशीला टेकलो होतो आणि आई माझ्याशी कधी एवढं बोलली नव्हती.

मॅडमची कामाची एक रीत होती. पहिल्या दिवशी काहीही विचारायचं नाही. बायका जे करत असतील ते करायला बसायचं. हळद निवडत असतील तर हळद, लोकर पिंजत असतील तर लोकर. रेकॉर्डिंग करायचं नाही, कारण फोन पुढे ठेवला की बायका रेडिओवर बोलल्यासारखं शुद्ध बोलायला लागतात. टिपणात खरं नाव लिहायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे लिहून झालं की ते त्या बाईला वाचून दाखवायचं. ती म्हणेल ते काढायचं. तिनं हो म्हटल्याशिवाय एक ओळ छापायची नाही. पुण्या-मुंबईचे विद्वान या नियमाला नाकं मुरडायचे. याला काय शास्त्र म्हणायचं का, असं एकानं माझ्यासमोर विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, "तिचं आयुष्य आहे, साहेब. आपण उसनं आणलंय." माझ्या आईनंही त्या वाचनात काहीतरी काढायला लावलं. काय ते मॅडमनी मला आजवर सांगितलेलं नाही. मी विचारून विचारून थकलो.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली तेव्हा त्यांनी शिरवळ धरलं. हायवेच्या दोन्ही अंगांना कारखाने उभे राहिलेले, आणि त्यांच्या मागच्या गल्ल्यांत पत्र्याच्या खोल्यांतून माणच्या बायका राहायला आलेल्या. पुरुष मुंबईला जायचे ही जुनी गोष्ट. आता बायका शिरवळला यायला लागल्या होत्या आणि त्यांच्यावर कुणी एक ओळ लिहिली नव्हती. मॅडमच्या अंगात वारं शिरलं. दर रविवारी माझी गाडी शिरवळला.

तिथं चंद्राबाई आणि समीक्षा भेटल्या. दोघी जावा. चंद्राबाई थोरली, चाळिशीकडे झुकलेली, बोलायला सावध. समीक्षा धाकटी, बारावी झालेली, जतकडची, बोलण्यात कानडी हेल आणि तोंडाला हसू बांधलेलं. तिची मुलगी प्रांजल तेव्हा रांगत होती. सासू त्याच खोलीत अंथरुणाला खिळून. नवरे असून नसल्यासारखे. थोरलीचा मुंबईला होता, आणि धाकटीचा कारखान्याला बायका पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडेच टेम्पोवर होता. प्लॅस्टिकची झाकणं बनवायचा कारखाना होता. नोकरी एकच होती, चंद्राबाईच्या नावाची. पण घरात म्हातारी आणि तान्हं पोर टाकून एकीला रोज बारा तास उभं राहणं झेपत नव्हतं. म्हणून दोघींनी वाटून घेतलं होतं. एक आठवडा थोरली जायची, एक आठवडा धाकटी. गळ्यात कार्ड चंद्राबाईचंच. आत टोपी, मास्क, एप्रन, त्यामुळे डोळे तेवढे दिसायचे. कंत्राटदाराला ठाऊक होतं. त्याला डोकी भरायची होती, तोंडं नव्हती बघायची. त्या गल्लीत अशा आणखी जोड्या होत्या. जावा, मायलेकी, एके ठिकाणी तर नुसत्या शेजारणी.

मॅडम खूश झाल्या. इतक्या खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं. "सर, हे कुठल्या युनियनला सुचलं नाही. या बायकांनी नोकरीलाच घराच्या मापाचं करून घेतलं." परतीच्या वाटेवर खंबाटकी घाट संपेपर्यंत त्या बोलत होत्या आणि मी हूं हूं करत होतो.

लेख झाला. मोठा आणि फार चांगला झाला, हे मी कबूल करतो. नावं नव्हती, थोरली आणि धाकटी एवढंच. ठरल्याप्रमाणे वाचून दाखवायला आम्ही गेलो. मी दारात चहा घेऊन बसलो होतो. कार्डाचा भाग आला आणि चंद्राबाईचा चेहरा उतरला.

"म्याडम, ह्ये न्हाई चालायचं. कार्डाचं काडा. कंपनीच्या सायबाच्या कानावर गेलं तर दोगींचंबी जाईल. गल्लीतल्या बाकीच्यांचंबी जाईल."

मॅडमनी लगेच तो भाग खोडला. पण तो काढल्यावर मागं भोक पडलं. कारण लेखातला सगळ्यात जिवंत भाग धाकटीचा होता. गरम झाकणांनी बोटांची टोकं कशी बधिर होतात, यंत्राचा ठोका घरी झोपेतही कसा ऐकू येतो, पाळी असताना उभं राहायचं कसं. जी कामावरच नाही तिला हे सगळं कसं ठाऊक? मॅडम पेन हातात धरून बसल्या.

समीक्षाच म्हणाली, "मग असं लिवा की म्याडम. धाकटी रोज डबा घिऊन जाती, तवा आत उबी ऱ्हाऊन बगती."

दोघी जावा हसल्या. मॅडमही हसल्या, आणि त्यांनी ते लिहिलं. 'धाकटी रोज थोरलीला डबा घेऊन जाते, आणि तेवढ्या वेळात यंत्रापाशी उभी राहून काम बघते.' मॅडमनी ते वाचून दाखवलं. दोघी हो म्हणाल्या. आजवर मॅडमनी बायकांच्या सांगण्यावरून पुष्कळ काढलं होतं. घातलं असं हे पहिल्यांदाच. काढणं वेगळं आणि घालणं वेगळं, हे त्या क्षणी आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

लेख दिवाळी अंकात आला, मग पुस्तकात आला, पुस्तकाला पुरस्कार मिळाला. प्रस्तावनेत त्या कंत्राटदाराचेही आभार मानले होते, कारण आत फिरून बघायची परवानगी त्यानंच काढून दिली होती. समीक्षानं फोनवर पानाचा फोटो काढून सगळ्या गल्लीला दाखवला. "ह्यातली धाकटी म्हंजे मीच," असं ती सांगत फिरायची.

पुढच्या वर्षी, पावसाळा संपता संपता, कारखान्यात झाकणांच्या क्रेटची थप्पी कोसळली आणि समीक्षा खाली सापडली. आठवडा तिचा होता. गळ्यात कार्ड चंद्राबाईचं. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती, आणि पोलीस पोचेपर्यंत तिच्या अंगावरचा एप्रन, टोपी आणि कार्ड गेलेलं होतं. कागदावर आलं ते असं, की कामगार चंद्राबाई ड्युटीवर असताना तिची जाऊ डबा द्यायला आली, परवानगी नसताना आत शिरली आणि अपघात झाला. कंपनीनं माणुसकी म्हणून अंत्यविधीचा खर्च केला, असंही पुढे लिहिलं होतं.

नवरा गप्प बसला. टेम्पो कंत्राटदाराचा होता. समीक्षाची आई रंगुबाई मात्र गप्प बसली नाही. ती जतवरून आली, नातीला उचलून घेऊन गेली आणि नातीच्या वतीनं भरपाईचा दावा लावला. मग ती मॅडमच्या घरी आली. मी तिथं होतो. काळीसावळी, उंच बाई, पोरीला कडेवर घेऊन दारातच उभी राहिली. आत या म्हटलं तरी येईना.

"बाई, माज्या लेकीला चोरटी म्हणत्यात. आत कशाला शिरली हुती म्हणत्यात. ती कामाला जात हुती, एवडं फकस्त तुमी लिवून द्या. ह्या पोरीच्या पोटाचं बगू मग."

मॅडम म्हणाल्या, "देते. कोर्टातही सांगते."

पण त्याआधी कंपनीच्या वकिलानं काय दाखल केलं होतं ते कळलं. दोन कागद होते. एक चंद्राबाईचा जबाब, की होय, मी कामावर होते, जाऊ डबा घेऊन आली होती. आणि दुसरं, मॅडमच्या पुरस्कारप्राप्त पुस्तकातलं ते पान. नामवंत इतिहासकारानं अपघाताच्या वर्षभर आधी स्वतः पाहून लिहिलेलं. याहून चांगला पुरावा कुठला वकील मागेल? मॅडमनी ते पान माझ्याकडे दिलं आणि खुर्चीत बसल्या. मला त्यांची भयंकर कीव आली आणि त्याच वेळी डोकंही फिरलं.

आम्ही शिरवळला गेलो. सासू वारली होती, खोलीत चंद्राबाई एकटी होती. मॅडमनी तिला विचारलं, खोटा जबाब का दिला. त्यांच्या आवाजात राग होता.

"खोटा कसा म्याडम? तुमी वाचून दावलं, आमी व्हय म्हणलो, तुमी छापलं. कुणी इचारलं तर ह्येच सांगायचं ठरलं, असंच आमी धरलं. तुमच्यासारकी शिकलेली बाई उगंच लिवंल व्हय?"

"अगं, पण ती मेली ना."

"मेली. मला म्हाईत न्हाई? माज्या जागेवर मेली ती." चंद्राबाईनं पदर तोंडाला लावला, पण डोळे कोरडेच होते. "सायेब म्हणला, कार्ड दुसरीला दिलं म्हणशील तर केस तुज्यावरच हुईल. आन गल्लीतल्या समद्या जोड्या भाईर. काय करू मी? तुमच्या बुकात हुतं तेच बोलले."

मॅडम उठून चपला शोधायला लागल्या. मी त्यांना गाडीत बसवलं.

आता खरं तर गप्प बसण्याजोगं होतं, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. कोर्टात उभं राहून 'मी खोटं लिहिलं' म्हटलं, की एक वाक्य जात नाही, सगळं जातं. हळदवाल्या बायका जातात, मेंढरांमागच्या जातात, माझी आईसुद्धा जाते. ज्या विद्वानांनी नाकं मुरडली होती त्यांना आयतं कोलीत मिळणार. शिवाय बाकीच्या जोड्यांचं काय? मी ओरडलोच त्यांच्यावर, भर स्टाफरूममध्ये. त्यांनी ऐकून घेतलं.

"सर, माझ्या आईबद्दल वडिलांनी सांगितलं, घरातच असते. त्यांना लिहिता येत नव्हतं. मला येतं. मी काय लिहिलं? डबा घेऊन येते." मग त्या म्हणाल्या, "जोड्यांची नावं मी घेणार नाही. समीक्षाचं तेवढं सांगेन."

साताऱ्याला कोर्टात मी मागच्या बाकावर बसलो होतो; समीक्षाला कामावर मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून रंगुबाईच्या वकिलानं मला साक्षीला घेतलं नव्हतं. रंगुबाई भिंतीला टेकून उभी होती. मॅडम पिंजऱ्यात गेल्या आणि त्यांनी सांगून टाकलं. ते वाक्य खोटं आहे. ते मी बायकांची नोकरी वाचवायला लिहिलं. समीक्षा आठवड्याआड कामावर जात होती, मी तिला कामाच्या कपड्यांत पाहिलेलं आहे. आवाज स्वच्छ होता. मला वाटलं, जमलं.

कंपनीचा वकील तरुण होता, अदबीनं बोलणारा. त्यानं विचारलं, "मॅडम, या पुस्तकावर पुरस्कार मिळाला तेव्हा हे खोटं आहे असं आपण कळवलं होतं?"

"नाही."

"विद्यार्थ्यांना हे पान शिकवलंत?"

"हो."

"खरं म्हणून?"

"हो."

"अशा आणखी बायका होत्या म्हणता. त्यांची नावं द्या, आपण बोलावून घेऊ. तुमचं म्हणणं सिद्ध होईल."

"नावं देणार नाही."

"टिपणं, रेकॉर्डिंग?"

"रेकॉर्डिंग करत नाही. टिपणांत नावं नाहीत."

"म्हणजे आधार तुमचा शब्द." तो न्यायाधीशांकडे वळला. "आणि शब्द खोटा असतो असं त्या स्वतःच शपथेवर सांगताहेत."

कुणी हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं, निदान कुणाचा तरी राग धरता आला असता. न्यायाधीश सभ्य होते. त्यांनी मॅडमना पाणी देववलं आणि पुन्हा एकदा विचारलं, एक तरी नाव सांगता का. मॅडमनी नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यानं दावा बुडाला, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळलं. फक्त रंगुबाईला कळलं नाही. ती बाहेर आल्यावर मॅडमच्या पाया पडायला वाकली. मॅडम मागं सरकल्या, तर त्यांचा तोल गेला. मी धरलं.

निकाल विरुद्ध गेला. समीक्षा कामगार असल्याचं शाबीत झालं नाही. प्रकाशकानं पुस्तक मागे घेतलं. विद्यापीठानं चौकशी नेमली. मॅडमच्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध लटकला, कारण मार्गदर्शकच आता संशयित. स्टाफरूममध्ये ज्यांनी उभ्या जन्मात गाइडपलीकडे काही लिहिलं नाही ते संशोधनातल्या नीतिमत्तेवर बोलायला लागले. एकाला मी हात धरून बाहेर काढला. मॅडमचा निरोप समारंभ झाला तो पंधरा मिनिटांत उरकला, भाषणांत त्यांच्या वक्तशीरपणाचं कौतुक झालं. फौजी बायकांचं पुस्तकही दुकानांतून दिसेनासं झालं. आईला मी ते सांगितलं नाही.

आणि ज्या नावांसाठी त्यांनी तोंड मिटलं होतं ती तरी वाचली का? कोर्टातलं बोलणं कारखान्यात पोचलं. कंपनीनं गेटवर अंगठ्याचं मशीन बसवलं. महिन्याभरात गल्लीतल्या सगळ्या जोड्या फुटल्या. ज्यांच्या नावाची नोकरी होती त्यांनाही घर टाकून रोज जमेना, एकेक करून त्या माणला परत गेल्या. शेवटी चंद्राबाईही गेली.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला ती मॅडमच्या घरी आली. मी पेपर वाचत बसलो होतो, हल्ली मी तिथं बराच असतो. ती वाळली होती. चटईवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "म्याडम, आता सांगते. आता माजं जायला काय ऱ्हायलंय? चला, कुटं सही करायची ती करते. ती कामाला हुती, कार्ड माजं हुतं, म्याच दिलं हुतं."

मॅडम चप्पल घालायच्या आधीच दारात होत्या. इतक्या दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रक्त दिसलं. मी गाडी काढली. साताऱ्यापर्यंत त्या चंद्राबाईला एकेक गोष्ट विचारत होत्या आणि ती सांगत होती. त्या दिवशी समीक्षानं कुठली साडी नेसली होती, जाताना पोरीला काय भरवलं होतं, सगळं.

रंगुबाईच्या वकिलानं ऐकून घेतलं. भला माणूस होता, चहा मागवला. मग म्हणाला, "बाई, तुम्ही शपथेवर एकदा उलटं सांगितलंय. आता नोकरी गेल्यावर हे सांगताय, म्हणजे सूड म्हणून बोलताय असं ते म्हणतील. आणि मॅडमच्या बोलण्याचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. अपिलात हे टिकणार नाही. टिकेल असं मी तुमच्याकडून फी घेऊन सांगू शकलो असतो, पण नाही सांगत."

बाहेर ऊन होतं. आवारातल्या लिंबाखाली चंद्राबाई उभी राहिली. समीक्षा कामाला जात होती हे खात्रीनं ठाऊक असून ते बोलायला तयार अशा दोनच बायका जगात उरल्या होत्या, आणि दोघींच्याही शब्दाला कोर्टात किंमत उरली नव्हती. मला वाटलं मॅडम रडतील. त्यांनी पिशवीतून बाटली काढून चंद्राबाईला पाणी दिलं.

"आता म्हातारीला काय सांगायचं?" चंद्राबाईनं विचारलं. रंगुबाई जतला द्राक्षाच्या बागेत मजुरीला जात होती आणि प्रांजल बागेच्या बांधावर खेळत असायची, एवढं आम्हाला माहीत होतं.

मॅडम म्हणाल्या, "मी जाऊन सांगते."

दहिवडीची एस.टी. लागली होती. मी घरापर्यंत सोडतो म्हणालो तर चंद्राबाई नको म्हणाली. ती एस.टी.कडे चार पावलं गेली आणि परत आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. जवळच्या माणसाला सांगावं तसं तिनं सांगितलं.

"म्याडम, आमाला अक्कल नव्हती. आमी भ्यालेलो. आमी काय बी म्हणलो असतो. तुमी तवा आमचं ऐकायला नको हुतं."

मॅडमनी मान हलवली, हो म्हणून. चंद्राबाई एस.टी.त चढली आणि खिडकीपाशी बसली.